प्रेह विहेअरच्या शिवमंदिराला जाण्यापूर्वी आणि गेल्यावर: प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कंबोडिया आणि थायलंड यांच्या सीमेवर डांगरेक ही डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. थायलंडच्या बाजूने ती हळूहळू चढत जाते आणि कंबोडियाच्या बाजूला एकदम तुटते. या तुटलेल्या कड्याच्या सोंडेवर, खालच्या मैदानापासून सुमारे सव्वापाचशे मीटर उंचीवर, प्रेह विहेअरचे शिवमंदिर आहे. येथे नवव्या शतकाच्या अखेरीपासून उपासना चालत होती. आज दिसणारे बहुतेक बांधकाम अकराव्या शतकातील पहिला सूर्यवर्मन आणि बाराव्या शतकातील दुसरा सूर्यवर्मन, म्हणजे अंकोर वाट उभारणारा राजा, यांच्या काळातील आहे. येथील शिवाला शिलालेखांत शिखरेश्वर म्हटले आहे. शिखर शिंगणापूरला पायऱ्या चढून शंभूमहादेवाच्या दर्शनाला गेलेल्या माणसाला या मंदिराची मूळ कल्पना फार समजावून सांगावी लागत नाही: देव डोंगरमाथ्यावर आहे, आणि त्याच्यापर्यंतची चढण हाच पूजेचा पहिला भाग आहे.

अंकोर वाट पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या वाढली आहे आणि त्यांतील काहींना अंकोर वाटजवळच्या सिएम रीप शहरातून पुढे या मंदिरापर्यंत जावेसे वाटते. ही इच्छा रास्त आहे. मात्र हे मंदिर दोन देशांच्या वादाच्या मध्यभागी आहे. जुलै 2025 आणि डिसेंबर 2025 मध्ये या सीमेवर तोफा, रॉकेटे आणि लढाऊ विमाने वापरून युद्ध झाले आहे, आणि लाखो माणसांना दोन्हीकडची गावे सोडावी लागली आहेत. त्यामुळे इतर प्रवासात विमानाचे तिकीट काढण्यापासून तयारी सुरू होते, तशी येथे करता येत नाही. जायचे की नाही हे ठरवणे, हाच येथे सर्वांत मोठा टप्पा आहे आणि तो घरीच पार पाडायचा आहे.

वाद काय आहे, हे आधी समजून घ्या

वादाची माहिती प्रवाशाला कशासाठी, असे कोणाला वाटेल. पण मंदिरात कोणत्या बाजूने जाता येते, कोठे पाऊल टाकायचे नाही आणि कोणाशी काय बोलू नये, या सर्व गोष्टी त्या वादातूनच ठरलेल्या आहेत.

1904 मध्ये, कंबोडियावर फ्रान्सची सत्ता असताना, फ्रान्स आणि सयाम यांच्यात झालेल्या करारात या भागातील सीमा जलविभाजक रेषेवरून, म्हणजे डोंगरावरचे पाणी जेथून दोन बाजूंना वाहू लागते त्या रेषेवरून, जाईल असे ठरले. त्या रेषेप्रमाणे मंदिर सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, बाजूला गेले असते, असे थायलंडचे म्हणणे आहे. परंतु फ्रेंच अधिकाऱ्यांनी 1907 मध्ये तयार केलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या हद्दीत दाखवले गेले, आणि सयामने त्या नकाशाला पुढे अनेक दशके हरकत घेतली नाही. 1930 मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग मंदिर पाहायला आले, तेव्हा फ्रेंच ध्वज लावून फ्रेंच अधिकाऱ्याने त्यांचे औपचारिक स्वागत केले आणि तेव्हाही सयामकडून निषेध झाला नाही. फ्रेंच गेल्यावर 1954 मध्ये थायलंडने मंदिरावर सैनिक बसवले. कंबोडिया 1959 मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 15 जून 1962 रोजी न्यायालयाने नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाच्या सार्वभौमत्वाखालील प्रदेशात आहे, असा निर्णय दिला. त्या निर्णयात जुन्या नकाशाबाबतचे सयामचे मौन निर्णायक ठरले.

मंदिर कोणाचे हा प्रश्न असा सुटला, पण मंदिराभोवतीची जमीन कोणाची हा प्रश्न राहिला. जुलै 2008 मध्ये युनेस्कोने मंदिर जागतिक वारशाच्या यादीत घेतल्यावर सुमारे 4.6 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यावरून चकमकी सुरू झाल्या आणि 2011 पर्यंत त्या अधूनमधून होत राहिल्या. 11 नोव्हेंबर 2013 रोजी न्यायालयाने आपल्या जुन्या निर्णयाचा अर्थ स्पष्ट करताना मंदिराची संपूर्ण सोंड कंबोडियाची असल्याचे सांगितले. त्या सोंडेपलीकडच्या सीमेचा निकाल मात्र त्यात नव्हता. 2025 चे युद्ध केवळ या मंदिरापुरते नव्हते. पश्चिमेकडे ता मुएन थोम आणि ता क्राबेई या जुन्या ख्मेर, म्हणजे प्राचीन कंबोडियन, मंदिरांच्या परिसरातही लढाई झाली. मंदिराची हानी झाल्याचे कंबोडियाने जाहीर केले, तर मंदिराला लक्ष्य केल्याचा आरोप थायलंडने नाकारला. 27 डिसेंबर 2025 रोजी दोन्ही देशांनी पुन्हा युद्धविराम केला. जुलैमधील युद्धविराम वर्षअखेरीपर्यंतही टिकला नव्हता, ही गोष्ट प्रवाशाने लक्षात ठेवावी.

जायचे की नाही, हे कसे ठरवावे

तीन गोष्टी एकाच वेळी अनुकूल असतील तरच पुढचा विचार करावा. पहिली म्हणजे मंदिर पर्यटकांसाठी अधिकृतपणे उघडे असल्याची खात्री. ती सिएम रीपमधील चालकाच्या किंवा हॉटेलवाल्याच्या शब्दावर न घेता कंबोडियाच्या पर्यटन मंत्रालयाच्या किंवा मंदिराचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय प्रेह विहेअर प्राधिकरणाच्या सूचनांवरून करावी. दुसरी म्हणजे नॉम पेन्ह येथील भारतीय दूतावासाची प्रवाससूचना. जुलै 2025 मध्ये दूतावासाने सीमाभाग टाळण्याचा सल्ला दिला होता. असा सल्ला लागू असताना तेथे जाणे मी कोणालाही सुचवणार नाही. तिसरी म्हणजे तुमचा प्रवास विमा. बहुतेक विमा पॉलिसींमध्ये युद्ध आणि युद्धसदृश कारवाईमुळे झालेली इजा वगळलेली असते, आणि सरकारने टाळायला सांगितलेल्या भागात गेल्यास इतर दावेही अडचणीत येऊ शकतात. पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान वाचा आणि शंका असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. दूरध्वनीवरच्या आश्वासनाचा दाव्याच्या वेळी उपयोग होत नाही.

यांतील एक जरी गोष्ट प्रतिकूल असेल, तर या वेळचा बेत बदलावा. लहान मुले, गुडघ्यांचा त्रास असलेली ज्येष्ठ मंडळी किंवा हृदयविकाराचे रुग्ण बरोबर असतील तर मी याहूनही कडक निकष लावेन, कारण तेथून मोठे रुग्णालय तासन्‌तास दूर आहे आणि घाईने परत फिरण्याची वेळ आलीच, तर त्या उतारावर धावपळ करणे त्यांना झेपणार नाही.

हा निर्णय एकदा घेऊन भागत नाही. घरून निघण्यापूर्वी, सिएम रीपला पोहोचल्यावर आणि मंदिराकडे निघण्याच्या दिवशी सकाळी, असा तीन वेळा तो तपासावा. गाडीचे आगाऊ दिलेले पैसे बुडतील म्हणून निघालो, असे कारण मनात येत असेल तर ते पैसे बुडू द्यावेत.

कागदपत्रे आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर कंबोडियाचा पर्यटन व्हिसा ऑनलाइन मिळतो आणि विमानतळावर उतरल्यावरही मिळतो. ऑनलाइन घ्यायचा असेल तर सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यावा. हुबेहूब तशीच दिसणारी आणि जास्त पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. याशिवाय विमानाने येणाऱ्या प्रत्येकाला आगमनाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो. तो पोहोचण्यापूर्वीच्या सात दिवसांत भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. साधा पर्यटन व्हिसा एका प्रवेशापुरताच असतो, त्यामुळे मध्येच लाओस किंवा थायलंडला जाऊन परत येणार असाल तर दुसऱ्या व्हिसाची तजवीज आधी करावी.

मंदिराकडे जाताना मूळ पासपोर्ट जवळ हवा. पायथ्याशी तिकीट घेताना तो मागितला जातो आणि वाटेतल्या तपासणी चौक्यांवरही दाखवावा लागू शकतो. छायाचित्र किंवा झेरॉक्स यावर विसंबू नये. नॉम पेन्हच्या दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवावा. थायलंडमधील भारतीय दूतावास कंबोडियातील प्रवाशांचे काम पाहत नाही, हे बँकॉकमार्गे येणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

कंबोडियात अमेरिकी डॉलर आणि तेथील स्वतःचे चलन रिएल, दोन्ही चालतात. एका डॉलरला साधारण चार हजार रिएल मिळतात. फाटलेली, डाग पडलेली किंवा किंचितही चिरलेली डॉलरची नोट दुकानदार घेत नाहीत, म्हणून मुंबई-पुण्याहून नेतानाच कोऱ्या आणि लहान किमतीच्या नोटा मागून घ्याव्यात. संघर्षापूर्वी मंदिराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रवाशाला 10 डॉलर होते. वर नेणाऱ्या मोटारसायकलला सुमारे 5 डॉलर आणि पिकअप गाडीला 25 डॉलर पडत, आणि पिकअपचे भाडे बरोबरच्या प्रवाशांत वाटून घेता येत असे. नवे दर जाण्यापूर्वी विचारून घ्यावेत, पण सर्व पैसे रोख द्यायचे आहेत असे धरूनच चालावे.

कोणत्या बाजूने आणि कोणत्या वाटेने

नकाशा पाहणाऱ्याला थायलंडची बाजू सोपी वाटते. मंदिराचे तोंड उत्तरेकडे आहे, थायलंडच्या सी सा केत प्रांतातून सौम्य चढाने त्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पूर्वी चालत जाता येत असे, आणि 2008 पर्यंत बहुतेक परदेशी प्रवासी त्याच वाटेने येत. ती वाट 2008 पासून बंद आहे. थायलंडच्या हद्दीतील फा मो इ दाएंग या कड्यावरून मंदिर दुरून दिसते, पण तेथून मंदिरात जाता येत नाही, आणि संघर्षाच्या काळात तो कडाही पर्यटकांना बंद केला जातो. दोन्ही देशांमधील जमिनीवरच्या सीमाचौक्याही जून 2025 मध्ये बंद झाल्या. म्हणून अरण्यप्रथेत-पोईपेतमार्गे बसने कंबोडियात शिरण्याचा जुना बेत आखू नये. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा व्हिएतनाममार्गे थेट सिएम रीपला विमानाने उतरावे. तेथील नवा विमानतळ ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे आणि तो शहरापासून बराच लांब आहे, त्यामुळे शहरात पोहोचायला तासभर धरावा.

सिएम रीपहून मंदिराचा पायथा सुमारे दोनशे किलोमीटर आहे आणि गाडीने साडेतीन ते चार तास लागतात. दोन वाटा आहेत. एक अनलोंग वेंगवरून जाते. ती सरळ आहे, परंतु शेवटच्या टप्प्यात सीमेला समांतर धावते. दुसरी कोह केरच्या बाजूने जाऊन राष्ट्रीय मार्ग 62 ला मिळते. ती थोडी लांब पडते, पण बहुतांश सीमेपासून आत राहते. सीमा शांत असली तरीही मी दुसरी वाट निवडण्यास सांगेन. वाटेत दहाव्या शतकातील राजधानी कोह केर पाहता येते, हा तिचा दुसरा फायदा. 2023 मध्ये तीही जागतिक वारसा झाली आहे.

येथे नवख्या प्रवाशांचा नेहमी होणारा एक घोटाळा सांगितला पाहिजे. थ्बेंग मिएनचेय या प्रांतिक राजधानीला आता प्रेह विहेअर शहर असेच नाव आहे आणि ते मंदिरापासून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला आहे. संकेतस्थळावर ‘प्रेह विहेअर’ असे टाकून हॉटेल आरक्षित केले, तर ते बहुधा या शहरातले निघते. मंदिराजवळ मुक्काम हवा असेल तर स्रा एम हे गाव शोधावे. ते मंदिरापासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि तेथे साधी अतिथीगृहे व खाणावळी आहेत. मात्र परिस्थितीची थोडीही शंका असेल, तर त्या भागात रात्र काढू नये. पहाटे पाचला सिएम रीप सोडावे आणि अंधार पडण्यापूर्वी परत यावे.

गाडी चालकासह घ्यावी, आणि चालक या रस्त्यावर नेहमी जाणारा असावा. मोटारसायकल भाड्याने घेऊन एकट्याने जाणे मला पटत नाही. लढाईच्या बातम्या स्थानिक चालकाला त्याच्या ओळखीच्या माणसांकडून आधी कळतात आणि रस्ता बदलण्याचा निर्णय त्याला वेळेत घेता येतो. स्थानिक सिम कार्ड जरूर घ्या. डोंगरावर फोन आपोआप थायलंडचे नेटवर्क पकडू शकतो, म्हणून सिम कंबोडियाच्या कंपनीवर पक्के लावून रोमिंग बंद ठेवावे. शाकाहारी मंडळींनी कोरडा खाऊ बरोबर न्यावा, कारण ख्मेर स्वयंपाकात माशाचा रस आणि कोळंबीची चटणी भाजीतही पडते आणि लहान खाणावळीत ती वगळून मिळेलच असे नाही.

ऋतूचा विचार केला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्च ते मे या महिन्यांत उघड्या दगडावर ऊन असह्य होते. जून ते ऑक्टोबरच्या पावसात पायऱ्यांवर शेवाळ येते, मात्र पाऊस उघडल्यानंतर खालचे मैदान हिरवेगार दिसते, आणि सावकाश चालणाऱ्याला तो काळही वर्ज्य नाही.

पायथा आणि चढण

डोंगराच्या पायथ्याशी कोर मुय येथे तिकीट घर आहे. तेथे गाडी सोडून स्थानिक मोटारसायकलने किंवा पिकअपने वर जावे लागते, कारण सुमारे पाच किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता काही वळणांवर इतका उभा आहे की सपाटीवरच्या भाड्याच्या गाड्यांना त्यावर नेत नाहीत. पिकअपच्या मागच्या उघड्या भागात बसण्यापेक्षा चालकाशेजारची जागा मागून घ्यावी; मोटारसायकल घेतल्यास हेल्मेट मागावे. पूर्वेच्या अंगाने वर जाणारी एक प्राचीन पायऱ्यांची वाटही आहे. तिच्यावर आता लाकडी जिने बसवले आहेत आणि दोन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. चालण्याचा सराव असेल आणि ती उघडी असेल, तरच ती घ्यावी.

पोशाख खांदे आणि गुडघे झाकणारा असावा. मंदिर मूळचे शिवाचे असले तरी आज तेथे बौद्ध उपासना चालते, भिक्खू असतात, आणि स्थानिक लोक दर्शनालाच येतात. चपलांऐवजी पकड असलेले बूट घालावेत. प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, टोपी आणि पावसाळ्यात हलका रेनकोट एवढे पुरते. जड पाठपिशवी गाडीतच ठेवावी.

सुरुंगांविषयी, एकदाच पण नीट

या डोंगराने फार सोसले आहे. ख्मेर रूज या कंबोडियातील जहाल कम्युनिस्ट संघटनेच्या काळात आणि नंतरही येथे लढाया झाल्या. त्या संघटनेच्या शेवटच्या मोठ्या तुकडीची शरणागती डिसेंबर 1998 मध्ये याच मंदिराच्या परिसरात ठरली. 1979 मध्ये चाळीस हजारांहून अधिक कंबोडियन निर्वासितांना थायलंडच्या बाजूने या कड्यावरून खाली, सुरुंग पेरलेल्या जंगलात ढकलण्यात आले आणि त्यांतील अनेकजण मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी 2011 च्या चकमकीत येथे क्लस्टर दारूगोळा, म्हणजे एकातून अनेक लहान बॉम्ब विखुरणारा दारूगोळा, वापरला गेला. 2025 मध्येही गस्तीवरचे सैनिक सुरुंगांनी जखमी झाले. जमिनीत काय शिल्लक आहे, हे वरून पाहून कळत नाही.

म्हणून नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही: दगडी मार्ग, पायऱ्या आणि वापरात असलेली रुळलेली पायवाट यांच्या बाहेर पाऊल टाकायचे नाही. चांगले छायाचित्र मिळावे म्हणून नाही, लघुशंकेसाठी नाही आणि उडालेली टोपी आणण्यासाठीही नाही. लाल पाटीवर कवटी आणि हाडे यांचे चिन्ह दिसले तर तेथूनच, आल्या पावलांनी मागे फिरावे. पाटी नाही म्हणजे जागा सुरक्षित, असा अर्थ मात्र काढू नये. धातूचा कोणताही तुकडा, रिकामे काडतूससुद्धा, आठवण म्हणून उचलू नये. मुले बरोबर असतील तर गाडीतून उतरण्यापूर्वीच त्यांना हे समजावून सांगावे आणि वर त्यांचा हात सोडू नये.

मंदिर कोणत्या क्रमाने पाहावे

बहुतेक ख्मेर मंदिरे पूर्वाभिमुख असतात. हे मंदिर उत्तराभिमुख आहे आणि सुमारे आठशे मीटरच्या एका सरळ अक्षावर, टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे चढत जाते. वाटेत पाच गोपुरे आहेत. अभ्यासकांनी त्यांना गाभाऱ्याकडून क्रमांक दिले आहेत, त्यामुळे आपल्याला सर्वांत आधी लागते ते पाचवे आणि शेवटी पहिले. मोटारसायकल किंवा पिकअप जेथे उतरवते तेथून अनेकजण थेट कड्याच्या टोकाकडे धाव घेतात, छायाचित्र काढतात आणि उतरतात. तसे करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आधी उत्तरेकडे खाली जाऊन मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी उभे राहावे आणि मंदिर बांधणाऱ्यांनी ठरवलेल्या क्रमाने वर यावे. अर्थात तेथपर्यंत जाण्याची मुभा आहे का, हे पहारेकऱ्यांना विचारूनच. तो भाग सीमेला सर्वांत जवळचा आहे.

जिना रुंद आणि उभा आहे. त्याच्या काही पायऱ्या चक्क मूळ खडकात कोरलेल्या आहेत आणि त्यांची उंची सारखी नाही. जिना संपताच दोन्ही कडांवर लांबलचक नाग आडवे पडलेले दिसतात, फणा उभारून. त्यांच्या पुढे पाचवे गोपुर येते. त्याच्या भिंती फारशा उरलेल्या नाहीत, पण चौकोनी खांब आणि वर टोकदार त्रिकोणी शिखा अजून लक्ष वेधून घेते. ही शिखा दगडाची असूनही लाकडी घराच्या छपराची घडण तिच्यात स्पष्ट दिसते. मूळ छप्पर लाकडाचे आणि कौलांचे होते.

तेथून चौथ्या गोपुरापर्यंतची फरसबंदी वाट लांब आणि सावलीविना आहे, आणि तिच्या पूर्वेला पायऱ्या बांधलेले जुने तळे आहे. चौथ्या गोपुरातून आत जाताना त्याच्या पुढच्या बाजूवर वेळ घालवू नये. पलीकडे गेल्यावर मात्र मागे वळून दक्षिणेकडचे दार पाहावे. दारावरच्या शिल्पात समुद्रमंथन आहे. मधोमध मंदराचा खांब, त्याच्या तळाशी कूर्म, खांबाला विळखा घातलेला वासुकी आणि त्याला दोन्ही बाजूंनी ओढणारे देव व असुर, हे सारे एका त्रिकोणी चौकटीत बसवले आहे, आणि चौकटीच्या कडा जसजशा उतरत जातात तसतशा आकृत्या लहान होत जातात. त्याखालच्या पट्टीवर शेषशायी विष्णू आहे. अंकोर वाटच्या ओवरीतील मंथन लांबीने प्रचंड आहे, पण तेथे ते चालत चालत पाहावे लागते. येथे सारी कथा एका दृष्टिक्षेपात येते. 

तिसरे गोपुर सर्वांत मोठे आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दालने आहेत. येथे नंदीवर बसलेले उमामहेश्वर आढळतात. मराठी माणसाला ते ओळखायला फलक लागत नाही, पण नंदीची ठेवण, दागिने आणि झाडाची पाने पाहिली की कारागीर आपल्या देशातला नाही हेही लगेच कळते. परिसरातील संस्कृत आणि ख्मेर शिलालेखांत सुकर्मन नावाच्या दप्तरदाराचा उल्लेख येतो, आणि दिवाकरपंडित या राजगुरूने या देवाला दिलेल्या दानांचाही. दिवाकरपंडित हा दुसऱ्या सूर्यवर्मनचा गुरू होता.

दुसऱ्या आणि पहिल्या गोपुरानंतर ओवऱ्यांनी वेढलेले शेवटचे आवार लागते. त्याच्या मध्यभागी मंडप आणि गाभारा आहे. गाभाऱ्याचे शिखर फार पूर्वी कोसळले असून दगडांचा ढीग तसाच आहे. मंडपावर नृत्य करणाऱ्या शिवाचे शिल्प आहे. आत बुद्धमूर्तीपुढे उदबत्त्या जळत असतात. दगडांच्या ढिगावर चढू नये आणि भिंतींना टेकू नये. सैल दगड, लाकडी टेकू आणि गोळ्यांच्या खुणा अनेक ठिकाणी आहेत, आणि 2025 नंतर कोणता भाग दोरी लावून बंद केला असेल, तर ती दोरी ओलांडू नये. संवर्धनासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय समन्वय समितीचे सहअध्यक्षपद भारत आणि चीन यांच्याकडे आहे, म्हणजे या दगडांची जबाबदारी काही अंशी आपल्याही देशाने घेतलेली आहे.

संपूर्ण देवस्थान कड्याकडे पाठ करून उभे आहे. त्यामुळे मैदान पाहण्यासाठी आवाराच्या बाजूने बाहेर पडून टोकाकडे जावे लागते. तेथे कठडा सर्वत्र नाही आणि खडक वाऱ्या-पावसाने गुळगुळीत झालेला आहे, म्हणून काठापासून चार हात मागे राहूनच पाहावे. खाली कंबोडियाचे मैदान क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते आणि ज्या राजांनी हे स्थान निवडले त्यांनी ते का निवडले, याचे उत्तर तेथे मिळते.

घाई न करता हे सर्व पाहायला तीन तास लागतात.

वागण्याचे काही नियम

वर सैनिक असतात. त्यांचे, त्यांच्या खंदकांचे, वाळूच्या पोत्यांचे किंवा शस्त्रांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. परवानगी मिळाली तरी त्या जागेची छायाचित्रे लगेच समाजमाध्यमावर टाकू नयेत, कारण अशा चित्रांतून तैनातीची माहिती जाते. ड्रोन बरोबर नेऊच नये. दुर्बीण किंवा मोठी लेन्स उत्तरेकडे रोखून उभे राहणेही टाळावे. मंदिर कोणाचे, चूक कोणाची, यावर मत देऊ नये. चालक, भिक्खू किंवा विक्रेता स्वतःहून बोलला तर ऐकून घ्यावे. त्यांच्यापैकी अनेकांनी घर सोडून छावणीत दिवस काढलेले असतात. थायलंडचा ध्वज किंवा थाई मजकूर असलेला सदरा त्या दिवशी घालू नये, आणि पुढे थायलंडला गेल्यावर तेथेही हाच संयम पाळावा.

स्फोटाचा किंवा गोळीबाराचा आवाज आला तर तो कशाचा आहे याचा शोध घेत थांबू नये. दगडी भिंतीच्या आडोशाला खाली बसावे, पहारेकरी सांगतील तसे करावे आणि संधी मिळताच रस्त्याने पायथ्याकडे निघावे. पायथ्यावरून दक्षिणेकडे जायचे, एवढे चालकाशी सकाळीच ठरवून ठेवावे. तो वरच्या वाहनतळाशी नसतो, म्हणून त्याचा क्रमांक प्रत्येकाकडे हवा.

मंदिर बंद असेल तर

बंद दारामुळे प्रवास वाया जात नाही. सिएम रीपपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर बान्तेय स्रेई हे 967 मध्ये प्रतिष्ठापना झालेले शिवमंदिर आहे. ते आकाराने लहान आहे, पण त्याच्या गुलाबी दगडावरील कोरीव काम ख्मेर कलेत अतुलनीय मानले जाते. तेथे कैलास हलवणारा रावणही आहे, आणि वेरूळच्या कैलासलेण्यातील तोच प्रसंग पाहिलेल्या माणसाला दोन्ही शिल्पांची तुलना करण्याचा आनंद घेता येतो. त्यासाठी अंकोरचेच तिकीट चालते. काम्पोंग थोमजवळचे सांबोर प्रेई कुक अंकोरहून जुने, सातव्या शतकातील, आणि सीमेपासून पुष्कळ आत आहे.

डोंगरावर चढत जाणारे शिवस्थानच पाहायचे असेल, तर मात्र माझी पसंती दक्षिण लाओसमधील चंपासाक येथील वाट फू या मंदिराला आहे. तेथेही एक लांब अक्ष आहे, तळ्यांपासून सुरू होऊन चाफ्याच्या झाडांमधून पायऱ्यांनी वर जाणारा. वर झऱ्याजवळ गाभारा आहे, आणि मागच्या डोंगराच्या शिखरावरील नैसर्गिक लिंगाकृती खडकामुळे त्या डोंगराला प्राचीन काळी लिंगपर्वत म्हणत. 2001 पासून ते जागतिक वारसा आहे आणि त्याच्या संवर्धनात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काम केले आहे. पाक्से शहरात मुक्काम करून सकाळी निघाल्यास तासाभरात तेथे पोहोचता येते. लाओसचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि कंबोडियात परत यायचे असल्यास आधी सांगितलेली एका प्रवेशाची अट येथे लागू होते, म्हणून बेत आखतानाच वाट फू शेवटी ठेवावे आणि परतीचे विमान पाक्सेहून धरावे.